मिटलेला जबडा

फार फार पूर्वी, समुद्राला अजून कोणी नाव दिलं नव्हतं तेव्हा, एका प्रवाळाच्या खडकापाशी हेकरू नावाचा दांडगा मासा राहत होता. तिथेच राहत होती निळी नावाची मासोळी. लांबीने जेमतेम बोटभर.

निळीचं काम सफाईचं. मोठ्या माशांच्या कल्ल्यांत उवा होतात, आणि त्या काढल्या नाहीत तर श्वास कोंडतो. म्हणून हेकरू रोज सकाळी खडकापाशी आ वासून उभा राही. निळी शेपटी नाचवत येई, सरळ त्याच्या दातांमधून आत शिरे आणि एकेक ऊ वेचून खाई. "आजोबा, जरा डावा कल्ला उघडा," असं हक्काने म्हणे.

रीत एकच होती. तोंड मिटण्याआधी हेकरूने जबडा हलकेच थरथरवायचा, की निळी बाहेर. इतक्या वर्षांत ही रीत एकदाही चुकली नव्हती.

एके दिवशी निळीसारखाच दिसणारा एक भामटा आला. तसाच नाचला. हेकरूने आ वासला, तर गालाचा लचका तोडून त्याने पोबारा केला.

हेकरू दिवसभर धुमसत राहिला. "हे निळे सगळे सारखेच," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी निळी आली. जखम पाहून कळवळली.

"आजोबा, हे कोणी केलं? थांबा, आधी तेवढं साफ करते."

आवाज ओळखीचा होता. हेकरूने तो ओळखलाही. पण निळी आत शिरली आणि जबडा मिटला. तो थरथरला नाही.

बाकीच्या सफाईवाल्या मासोळ्यांनी ते पाहिलं. त्या सगळ्या लांबच्या खडकाकडे निघून गेल्या.

राग ओसरल्यावर हेकरू पुन्हा रोज जुन्या जागी उभा राहू लागला. आ वासायचा, मग जबडा उगाचच थरथरवायचा. रीत आपल्याला आठवते, हे कोणीतरी पाहावं म्हणून. कल्ले उवांनी भरत चालले होते. श्वास पुरत नव्हता.

एकदा निळीची लेक लांबून जाताना दिसली.

"ये ना गं," हेकरू म्हणाला. "मी काही करणार नाही."

"आईसुद्धा आत आली होती," ती म्हणाली आणि निघून गेली.

हेकरूचा श्वास थांबला तेव्हाही त्याचं तोंड उघडंच होतं.

तात्पर्य: एकाने फसवल्याचा राग जो भरवशाच्या माणसावर काढतो, त्याच्या हाकेला मग कोणीच येत नाही.