तिंबरू माहुताची खोड

पूर्वी वेत्रवती नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रानात हत्ती होऊन जन्मले आणि पुढे त्याच्या गजशाळेत आले. त्यांचे नाव श्यामल. त्यांचा माहूत तिंबरू मोठा तापट. नाकावर राग, आणि हातात अंकुश!

बरे, रागावून मोकळा होईल तर तिंबरू कसला? हत्तीला मारले की संध्याकाळी तो स्वतःचे कपाळ बडवून घेई, जेवण टाकी, उद्यापासून रागवायचे नाही अशी शपथ घेई. ‘मी रागीट नाहीच,’ असे जो भेटेल त्याला सांगे. आणि उपाशी माणसाचा राग काय विचारता! सकाळी पहिला तडाखा श्यामललाच बसायचा.

असाच एकदा उपवासात त्याने नदीवर श्यामलच्या कानामागे अंकुश खुपसला. हत्ती कळवळून मागे सरला आणि त्याच्या धक्क्याने पाणी भरणाऱ्या एका बाईचा हात मोडला. गजाध्यक्ष संतापले. हत्ती दुसऱ्या माहुताला द्यायचा, आणि खुनशी असेल तर खड्ड्यात साखळदंडाने बांधून मरू द्यायचा, असे त्यांनी ठरवले.

गजशाळेची एक रीत होती. हत्ती सोपवताना जुन्या माहुताने सुळ्यावर हात ठेवून त्याच्या खोडी सर्वांदेखत सांगायच्या. लपवलेली खोड नव्या माणसाचा जीव घेते, म्हणून ही रीत.

तिंबरू दात-ओठ खात आला. या जनावरापायी आपली अब्रू गेली, याला खुनशी ठरवला की सुटलो, असे त्याच्या मनात होते. त्याने सुळ्यावर हात ठेवला. तेव्हा श्यामल फक्त त्यालाच ऐकू येईल असे बोलला, “तिंबरू, मला रानातून आणलेस तेव्हा आधी माझ्या खोडी पाहिल्यास, मग शिकवलेस. स्वतःला मात्र न पाहताच टोचत बसलास. मी मेलो तरी राग तुझ्यापाशीच राहील. त्याला आपला म्हण. मग तो तुझे ऐकेल.”

तिंबरूला आधी भयंकर राग आला. त्या रागाकडे तो पाहत राहिला, आणि आयुष्यात प्रथमच त्याने तो नाकारला नाही.

“हत्तीला खोड नाही,” तो म्हणाला. “रागीट मी आहे. आत्ता, या घटकेलाही आहे.”

गजाध्यक्षांनी त्याला चार शब्द सुनावले आणि वैरण कापायला बसवले. श्यामल वाचला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे सोबती म्हणत. तिंबरूने कपाळ बडवणे सोडले, पोटभर जेवू लागला. डोके फिरले की तसे सांगून कोयता खाली ठेवी आणि दूर जाऊन बसे. राग येतच राहिला, पण त्याचा हात कोणावर उठला नाही. काही वर्षांनी श्यामल पुन्हा त्याच्याच हाती दिला गेला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “तेव्हाचा तिंबरू म्हणजे स्वतःच्या रागाला शिव्या घालत चीवर टाकून संघ सोडायला निघालेला हा समोरचा भिक्खू. गजाध्यक्ष म्हणजे त्याच्यावर डाफरणारे त्याचे उपाध्याय. श्यामल हत्ती मीच होतो. सोसण्याच्या, क्षमा करण्याच्या या गुणाला क्षांती म्हणतात. भिक्खूंनो, ती आधी स्वतःला द्या. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कुठून येणार?”