चौकातलं पागोटं

देवसाळ संस्थानच्या चौकात खांबावर एक लाकडी हात होता. कोंडिबा दोरी ओढून तो आडवा करी, की टांगे, बैलगाड्या सगळं जागच्या जागी थांबे. सरकारांची मोटार तेवढी थांबेल तर शपथ! एके दिवशी हात आडवा असतानाच ती भरधाव आली आणि रस्ता ओलांडणारी कोंडिबाची लेक, चंद्री, चाकाखाली गेली.

सरकारांनी त्याला दरबारात बोलावलं, सांत्वन म्हणून स्वतःचं जरीचं पागोटं त्याच्या हातात ठेवलं आणि खुशाल शिकारीला निघून गेले.

सरकारांचं पागोटं दिसलं की थांबून मुजरा करायचा, असा संस्थानचा कायदा होता. सरकार शिकारीहून परतले, तेव्हा चौकातला हात आडवा होता आणि त्यावर ते पागोटं होतं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि खाली उतरून मुजरा केला.

"आमचं पागोटं खांबाला टांगलंस?" सरकार कडाडले.

कोंडिबाच्या डोळ्यांत आता पाणीही उरलं नव्हतं.

"गाडी थांबली ना, सरकार?" तो म्हणाला. "हे आधी दिलं असतंत, तर पोरीच्याच डोक्याला बांधलं असतं."