येसाजीचं कोरं कापड

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की मला ती सांगणाऱ्या आजोबांनीही कुणाकडून तरी ऐकलेली होती. तरीही तिच्यात मोटारसायकली आहेत. तेव्हा काळाचा मेळ घालत बसू नका, मुकाट्याने ऐका.

एक डोंगराळ राज्य होतं. समुद्रापलीकडचे साहेब तिथे बरीच वर्षं राहिले आणि एक दिवस बोटीत बसून निघून गेले. जाताना त्यांनी आपल्या मोटारसायकली मागे टाकल्या. कुणाच्या गोठ्यात एखादी पडून राहिली, कुणाच्या कणगीआड. त्यांच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली आणि लोकांनी त्यांना भंगार म्हटलं. मग हळूहळू काही माणसांना त्या भंगाराचं वेड लागलं. ही माणसं गावोगाव फिरत, गंजलेला सांगाडा दिसला की डोळे भरून बघत, पदरमोड करून तो घरी आणत आणि घरच्यांची बोलणी खात खात पुन्हा रस्त्यावर धावता करत.

या वेड्यांचा वर्षातून एकदा घाटाच्या पायथ्याशी मेळा भरे. खरेदी, विक्री, गप्पा, भांडणं, सगळं तिथेच. त्या मेळ्याची एक रीत होती. विकायची गाडी संध्याकाळी पांढऱ्या कापडावर उभी करायची आणि मग सौदा होऊन गिऱ्हाईक तिच्यावर बसेपर्यंत मालकाने तिला हात लावायचा नाही. गाडी रात्रभर तेल गाळे. साहेबाच्या गाड्या त्या, तेल गाळणं त्यांच्या अंगातच होतं. सकाळी गिऱ्हाईक कापडावरचे डाग बघे आणि विकणारा एकेका डागाचं कारण सांगे. हा इंजिनच्या सांध्यातला, हा गियरपेटीतला, हा चेनच्या डब्यातला. सौदा झाला की ते कापडही गाडीबरोबर नव्या मालकाला मिळे, म्हणजे वाटेत कुठे लक्ष ठेवायचं ते त्याला कळे.

या मेळ्यात येसाजी नावाचा एक कारागीर येई. त्याच्या हाताला यश होतं. जे इंजिन चारचौघांनी सोडून दिलं, ते येसाजीकडे जाऊन पुन्हा बोलू लागे. माणूस सरळ होता, कष्टाळू होता. पण एक खोड होती. आपल्या गाडीखालचा डाग त्याला बघवत नसे. लोक म्हणत, वा येसाजी, यंदा एकच थेंब. येसाजीला 'वा' ऐकू येत नसे, फक्त 'एक थेंब' ऐकू येई. कोऱ्या कापडाची गाडी आजवर कुणीच आणली नव्हती. ती आपण आणायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

एकदा त्याला एका पडक्या गिरणीत दोन सिलिंडरची काळी गाडी सापडली. पेट्रोलच्या टाकीवर सोनेरी रेघा होत्या, त्याही अर्ध्या उडालेल्या. त्या गाडीवर त्याने कित्येक उन्हाळे घालवले. साहेबाच्या मापाचे पाने मिळेनात, तर ते स्वतः घडवले. सोनेरी रेघा खारीच्या केसांच्या कुंचल्याने पुन्हा ओढल्या. सांधे इतके घासून बसवले की मध्ये नख शिरू नये. तरी मेळ्याच्या आदल्या दिवशी घरी कापडावर उभी केली, तर सकाळी इंजिनखाली एक डाग. गोल, काळा, हरभऱ्याएवढा.

येसाजी त्या डागाकडे बघत बसला. त्याला रडू यायचंच बाकी होतं. मग त्याने पाना उचलला आणि गाडीतलं सगळं तेल काढून टाकलं. तेलाच्या टाकीतलं, इंजिनमधलं, गियरपेटीतलं. त्याच्या मनात कुणाला फसवायचं नव्हतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. कापड एकदा कोरं दिसू दे, सौदा झाला की शेवटचा हात फिरवतो म्हणून गाडी घरी आणू, तेल भरू आणि मग गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन देऊ, असा त्याचा बेत होता. धूळ लागायला नको म्हणून त्याने गाडी बैलगाडीत गवतावर घालून मेळ्याला नेली. लोकांना तेही कौतुकाचंच वाटलं.

सकाळी कापड कोरं होतं. सगळा मेळा लोटला. म्हातारे गुडघे टेकून खाली बघत होते. कुणी येसाजीला मिठी मारली, कुणी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. येसाजी हसत होता आणि त्याला घाम फुटला होता.

गर्दीतून देवकीआक्का पुढे आली. घाटमाथ्यावर तिची फळबाग होती. नवरा गेल्यावर बाग तिनेच सांभाळली आणि नवऱ्याचं मोटारसायकलींचं वेडही तिनेच पुढे चालवलं. अशाच काळ्या गाडीवर ती नवी नवरी होऊन घाट चढली होती. ती गाडी पुढे एका दुष्काळात विकावी लागली. तेव्हापासून ती तशीच एक गाडी शोधत होती, हे मेळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिने फारशी घासाघीस केली नाही. सौदा ठरला.

येसाजीने आपला बेत पुढे केला. गाडी चार दिवसांनी तुमच्या दारात आणून देतो, म्हणाला. आक्काने नकाराची मान हलवली. ऊन चढायच्या आत याच गाडीवर घाट चढायचा, हे तिने कधीचं ठरवलं होतं.

तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सवयीने तिचा हात तेलाच्या टाकीच्या झाकणावर गेला. खरं सांगायची वेळ हीच होती. पण गळ्यात हार होता आणि भोवती माणसं होती.

"त्यात काय बघायचं, आक्का?" तो म्हणाला. "गाडी माझ्या हातची आहे."

आक्काने हात मागे घेतला. कारागिराने शब्द दिल्यावर झाकण उघडणं म्हणजे त्याचा अपमान, असं त्या मेळ्यात मानत. तिने कोऱ्या कापडाची घडी करून पदराशी खोचली, पेट्रोल सोडायला कार्बुरेटरची कळ दाबली आणि पहिल्याच किकला गाडी सुरू केली. आतल्या भागांना चिकटून राहिलेल्या तेलावर इंजिन गोड आवाज करत निघालं.

आता सगळा मेळा कान लावून उभा राहिला. या माणसांना गाडी दिसावी लागत नसे, ती त्यांना ऐकू येई. आवाज पहिलं वळण चढला, तेव्हा माना डोलल्या. दुसऱ्या वळणावर तो कोरडा झाला. तिसऱ्यावर आतून कुणी खडे हलवावेत तशी खडखड येऊ लागली आणि माना डोलायच्या थांबल्या. येसाजीने हार काढून टाकला, तेलाचा डबा उचलला, दिसेल त्या गाडीला किक मारली आणि घाटाकडे सुटला. तो अर्ध्या वाटेवर असतानाच वरचा आवाज तुटला.

तो पोचला, तेव्हा गाडी वळणावर आडवी पडली होती. इंजिन जाम होऊन मागचं चाक जागच्या जागी अडकलं होतं. आक्का जुनी जाणकार म्हणून तिने गाडी दरीच्या बाजूला जाऊ न देता डोंगराच्या अंगाला लोळवली. ती मैलाच्या दगडावर बसली होती. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोलून निघालं होतं आणि तिने त्यावर ते पांढरं कापड गुंडाळलं होतं. कापड लाल झालं होतं.

येसाजी हातात तेलाचा डबा घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. त्या डब्याकडे बघून आक्काला सगळं कळलं. ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"डाग दिसला असता ना येसाजी, तर मी तेलाची बाटली बरोबर घेतली असती," ती म्हणाली. "डाग असलेलीच गाडी मी घ्यायला आले होते."

येसाजी रस्त्यातच बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्याने आक्काला मागे बसवून तिच्या बागेत पोचवलं, तिचे पैसे परत केले, ते कापड मागून घेतलं आणि जाम झालेली गाडी बैलगाडीतून घरी आणली. या खेपेला तिच्यावर धूळ बसत होती, ती त्याने बसू दिली.

कित्येक उन्हाळ्यांचं काम तीन वळणांत मातीला मिळालं, ते त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ते जमलं. जे मोडलं ते दुसरंच होतं. पुढच्या मेळ्यापासून गिऱ्हाइकं तेलाच्या टाकीचं झाकण उघडून बघू लागली. फक्त येसाजीच्या गाडीचं नव्हे, सगळ्यांच्याच. म्हाताऱ्या कारागिरांना ते लागे, पण कुणी बोलत नसे.

काळी गाडी मेळ्यात परत आली, तेव्हा येसाजीने तिच्याखाली जुनंच कापड अंथरलं. धुऊनही त्यावरचा तांबूस डाग गेला नव्हता. सकाळी त्याच्याशेजारी काळा थेंब होता. आक्का आली. येसाजीने चारचौघांत मोठ्याने सांगितलं, की हा थेंब इंजिनच्या खालच्या सांध्यातला आहे, तो मला थांबवता आला नाही, घाट चढताना बाटली बरोबर ठेवा.

आक्काने मग झाकण उघडलं. आत बोट बुडवून बघितलं, तेलाचं बोट त्याच कापडाला पुसलं आणि झाकण घट्ट लावलं. येसाजीच्या मनाला ते लागलंच. पण तो तिचा हक्क होता. तिने कापड आणि तेलाची बाटली दोन्ही पिशवीत ठेवली आणि किक मारली. मेळ्याने कान लावला. आवाज पहिलं वळण चढला, दुसरं चढला, तिसरं चढला आणि गोडच राहत माथ्याकडे निघून गेला. आक्का बागेत पोचली असेल, असं वाटेपर्यंत येसाजी जागचा हलला नाही.

तात्पर्य : जो आपला दोष लपवतो, तो विश्वास ठेवणाऱ्याची सावध होण्याची संधीच हिरावून घेतो.