नावड म्हणजे नुकसान नव्हे

फार फार पूर्वी, राजाचा कायदा दगडावर कोरून वेशीपाशी उभा करत, त्या काळातली ही गोष्ट. एका गावाला बुरुडांच्या टोपल्या हव्या होत्या, सुपं हवी होती. बुरूड मात्र नको होते. ते बिचारे नदीच्या पात्रात राहायचे. पूर आला की झोपड्या वाहून जायच्या.

त्यांच्यात धुरपा म्हणून एक बाई होती. तोंडाची फटकळ, मानेची ताठ. तिने पंचांकडे धान्याच्या कोठारामागची पडीक जागा मागितली. "भिंतीला भिंत लावून लहान लहान घरं बांधू. आमच्या हातांनी बांधू. तुम्ही फक्त होय म्हणा, अन् नदी चढायच्या आत म्हणा."

पंच पारावर बसले होते. बसल्या बसल्याच पाटील म्हणाला, "नाही. विहीर नासेल, वाट अडेल."

"कुठं नासेल? उठा, दाखवा."

"पंच पारावरून उठत नसतात, धुरपे!"

"मग राजाचा न्यायाधीश उठवेल." असं म्हणून ती तडक राजधानीला गेली.

न्यायाधीश आला, तो पारावर टेकलासुद्धा नाही. "कायदा ठाऊक आहे ना? घर नाकारायचं तर नुकसान जागेवर दाखवायचं. चला."

पंच कधी नव्हे ते उठले, धापा टाकत निघाले. बघतात तर विहीर पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि वाट अशी ऐसपैस की गाडीशेजारून गाडी जावी. शेवटी एका पंचाने कोठाराकडे बोट केलं. "यांच्या वाळक्या बांबूला ठिणगी लागली, तर गावाचं धान्य जळेल."

"हे मात्र खरं," न्यायाधीश म्हणाला. "मग बांबू लांब ठेवा म्हणा. माणसं लांब ठेवा म्हणू नका."

"बांबू लांब रचू," धुरपा म्हणाली. "खरं असेल ते आम्ही ऐकतो."

पाटलाचा तोल सुटला. "अहो, पण आम्हाला ही माणसंच शेजारी नकोत!"

"ही तुमची नावड झाली, पाटील. तिला कायद्यात जागा नाही. घरं होतील."

घरं झाली. त्या साली नदी दुथडी भरून वाहिली, पण बुरुडांची एकही चूल वाहून गेली नाही.

पुढे एकदा खुद्द पाटलीण धुरपाच्या दारात अवघडून उभी राहिली. "धुरपा, जरा विरजण मिळेल का गं?"

"मिळेल की. पण दारातून नाही. आत या, बसा, मग देते."

दार ठेंगणं होतं. पाटलीण वाकून आत आली.

बोध: कुणाचं घर अडवायचं असेल, तर खरं नुकसान दाखवा, नुसती नावड दाखवून कुणाचा निवारा अडवता येत नाही.