तपकिरी प्लगचा नेम

रेडिओ लावला की तो तापेपर्यंत चहा होऊन जायचा, त्या काळची ही गोष्ट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दिगंबर मिस्त्रींच्या डब्यात, मोडीत निघालेल्या एका संचातून काढलेला, बॅकेलाइट या जुन्या कडक प्लॅस्टिकचा तपकिरी प्लग राहायचा. त्याच्या पोटाशी बारीक उंचवटा होता. तो सॉकेटमधल्या खाचेत बसला तरच प्लग आत जायचा, एरवी नाही. हाच त्याचा नेम.

"भारीच सोवळं रे तुझं!" शेजारचा पांढरा प्लॅस्टिकचा प्लग हसायचा. "माझ्यासारखं जरा वाकावं, कुठेही बसावं."

एके दिवशी अंबूताई प्लग फुटलेला रेडिओ घेऊन आल्या. "मिस्त्री, आज माझ्या व्रताचं उद्यापन. दुपारचं कीर्तन तेवढं कानी पडू द्या हो."

मिस्त्रींनी घाईघाईत तपकिरी प्लग उचलला आणि रेडिओच्या मागच्या सॉकेटवर उलटाच दाबला. उंचवटा मोडू दिला तर तपकिरी त्या दाबातून सुटणार होता. पण भलतीकडे वीज शिरून रेडिओ जळणार होता.

"अरे, सोड तो नेम! फुटशील!" पांढरा ओरडला.

"देवा, एवढा धीर दे," म्हणत तपकिरी घट्ट राहिला. अंगठा आणखी रुतला. कट्! त्याच्या कडेला तडा गेला.

आवाजासरशी मिस्त्री थांबले. "थांबा ताई, माझंच चुकतंय." त्यांनी प्लग फिरवला, खाच सापडली आणि तो अलगद आत बसला.

रेडिओ हळूहळू तापला. आतून टाळ वाजू लागले. अंबूताईंनी तिथेच हात जोडले.

"फार दुखलं का रे?" पांढऱ्याने हळूच विचारलं.

"दुखलं," तपकिरी म्हणाला. "पण ऐक तरी, कीर्तन किती रंगलंय!"