सातगाठ्यांचा डोह

हां पाव्हणं, त्या आंब्याला बघा! वाळके भोपळे टांगलेत ना? ते आमच्या सातगाठ्यांचे. कुठल्याही कामात नवखा असेल त्याला आमच्या गावात सातगाठ्या म्हणतात. नवा मास्तर सातगाठ्या, नवा ड्रायव्हरही सातगाठ्या. हसू नका, ऐका तर खरं!

फार मागं, म्हणे, या डोहावर गेनबा नावाडी होता. पंचक्रोशीत त्याच्यासारखा पोहणारा नव्हता. त्याच्या घरी हौसा नावाची सून आली, तिकडं कोरड्या मुलखातली. कमरेएवढं पाणीसुद्धा तिनं कधी बघितलं नव्हतं. नावाड्याच्या घरात हे चालतंय होय? गेनबा स्वतःच तिला पोहायला शिकवू लागला. शिकणाऱ्याच्या पाठीला घागरीएवढा भोपळा बांधतात, म्हणजे माणूस बुडत नाही. गाठ मारायची ती सुरगाठ, हिसका दिला की सुटली. हौसा मात्र भीतीपोटी सात निरगाठी मारायची, एकावर एक! घाटावर सगळे खो खो हसायचे. गेनबा म्हणायचा, "अगं, सोडवायला सुताराला बोलवायचं का?" बिचारी रडकुंडीला यायची, पण एक गाठ कमी करायची नाही.

आणि एक दिवस भर दुपारी डोहाच्या मधोमध गेनबाच्या पायांत गोळे आले! एवढा पट्टीचा पोहणारा, गटांगळ्या खायला लागला हो! काठावर एकटी हौसा. शिकायला लागून पाच दिवस झालेले. "मामंजी!" म्हणून ओरडली आणि पाठीच्या भोपळ्यासकट घेतली उडी! हातपाय मारत पोचली. घाबरलेल्या गेनबानं भोपळ्यालाच मिठी मारली, हिसक्यावर हिसके दिले. सुरगाठ असती तर तिथंच सुटली असती, आणि हौसा गेली असती तळाला. पण त्या सात गाठी! एक हलली नाही. शाब्बास गं बाई! दोघं जिवंत काठाला लागली.

गेनबानं म्हणे सगळ्या गावासमोर सुनेपुढं हात जोडले. "सात गाठींबिगर मी आता या पाण्यात उतरणार नाही," म्हणाला. मरेपर्यंत शब्द पाळला त्यानं.

आजही चैत्रात पोहणं शिकवायला सुरुवात होते, तेव्हा गावातला सगळ्यात जुना पोहणारा पाठीला भोपळा बांधून आधी उतरतो. गाठी मारायचा मान सगळ्यात नव्या सातगाठ्याचा. साठ वर्षं पोहतोय मी. यंदा माझ्या गाठी नव्या पोस्टमनबाईंनी मारल्या. मी मोजल्या, तर आठ निघाल्या.

मी हसलो नाही. हात जोडले आणि उतरलो पाण्यात.