कासारणीची काळी सुरी

फार पूर्वी, म्हणजे कांदा चिरताना रडायची पद्धत नुकतीच सुरू झाली होती तेव्हा, एका गावात एक कासार आणि त्याची कासारीण राहत असत.

कासार बांगड्या भरायचा. त्याचा हात इतका मऊ, की बांगडी मनगटात कधी गेली ते बाईला कळायचंच नाही. किणकिण ऐकू आली की कळायचं. गावातल्या एकूण एक बाईचा हात त्याला पाठ होता. विहिरीच्या कठड्यावर कुणाचा ओला पंजा उमटलेला दिसला, तर तो लांबूनच सांगायचा, "आत्ता सुतारीण पाणी घेऊन गेली. जरा वाळलीय हो, या खेपेला बांगडी लहान लागेल."

कासारीण भाजी चिरायची. आता भाजी काय, सगळ्याच बायका चिरतात. पण बाकीच्या विळीवर बसून चिरत, आणि ही सुरीने. तिने चिरलेल्या कांद्याला आपण चिरलो गेलोय हे कळत नसे. तो अख्खा आहोत अशाच समजुतीत ताटात बसून राही आणि फोडणीत पडल्यावर दचकून सुटा होई. गावदेवीच्या भंडाऱ्याला चाळीस भोपळे ती एकटी चिरायची. आचारी चुलीत फुंकर घालायला वाकायचा आणि मान वर करून बघतो, तर भोपळे संपलेले! मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल, तर भोपळे एकोणचाळीस धरा. त्याच्या खाली मी येणार नाही.

ती सुरी तिने स्वतः निवडली होती. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत कासाराने हौसेने एक सुरी तिच्यापुढे धरली. पितळी मूठ, मुठीवर मोर. कासारणीने ती घेतली, मनगट एकदा इकडे, एकदा तिकडे वळवलं आणि ठेवून दिली. मग ढिगातल्या साऱ्या सुऱ्या तशाच हाती धरून बघितल्या आणि चिंचेच्या लाकडाच्या मुठीची एक काळी सुरी उचलली.

"अगं, ही काय काळीकुट्ट!" कासार म्हणाला.

"चकाकणारी बघायला बरी. घरी न्यायची ती हातात बसणारी."

"मलाही असंच निवडलंस की काय?"

"मग? तुम्ही कुठे चकाकत होता!"

दोघं हसत घरी आले. असा सुखाचा संसार चालला होता.

एक दिवस ती वांगी चिरत होती. शेजारच्या मांजराने शिंक्यावरून उडी मारली, कासारणीची मान वळली आणि सुरीचं टोक बोटाला लागलं. रक्ताचा एक थेंब आला. तिने हळद दाबली, मांजराला दोन शिव्या घातल्या आणि उरलेली वांगी चिरली. तिच्या लेखी विषय संपला.

कासाराच्या लेखी तो तिथून सुरू झाला. ज्याने जन्मभर हातच सांभाळले, त्याच्या घरच्या हाताला जखम! त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. सुरी काढून घ्यावी, तर ती देणार नाही. सांगून बघावं, तर ऐकणार नाही. विचार करकरून त्याने एक युक्ती काढली.

सकाळी कासारीण पाण्याला गेली, तसा तो सुरी घेऊन परसातल्या धुण्याच्या दगडाशी गेला. सुरी तिरकी धरून घासली की धार लागते आणि उभी धरून घासली की धार मरते, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने ती उभी धरली आणि सात वेळा खर्रर्र ओढली. पुसून जागच्या जागी ठेवली आणि मनात म्हणाला, 'आता काप बोट, कशी कापतेस ते बघतो.'

आता बघा हं काय झालं. धारेची सुरी कांद्यात आपली आपण उतरते. बोथट सुरीला दाबावं लागतं. दाबलं की ती सालावरून सटकते आणि सटकली की शेजारी कोण असतं? बोट! पहिल्या आठवड्यात कासारणीच्या एका बोटाला चिंधी आली.

ती चिंधी कासाराला बघवेना. त्याने तोंड फिरवलं. 'अजून धार शिल्लक आहे वाटतं,' असं म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने सुरी चौदा वेळा ओढली. मग दुसऱ्या बोटाला चिंधी आली, मग तिसऱ्या. जितक्या चिंध्या वाढत, तितका तो सुरी जास्त घासे आणि तितका तिच्या हाताकडे कमी बघे. बांगड्या भरून घ्यायला ती बसली, की म्हणे, "उद्या भरतो गं, आज बाहेरच्या बायका आल्यात." असं वर्षभर उद्या उद्या चाललं.

त्या गावात दर महिन्याला एक धारवाला येई. पायाने फिरवायचं चाक पाठीवर घेऊन तो साद घाली, "विळ्यांना धाऽर! सुऱ्यांना धाऽर!" एवढी एक साद आणि एवढं एक चाक, यावर त्याचं पोट होतं. कासारीण सगळ्यांत आधी त्याच्यापुढे उभी राही.

"धारवालेबुवा, मागच्या खेपेला काय लावलं होतंत? धार की तूप?"

"वहिनी, केस टाकला तर दोन होतील अशी लावली होती."

"चार दिवसांत गेली! ही बोटं बघा माझी."

धारवाला बोटं बघे, सुरी बघे, अंगठ्याने तिची कड चाचपे. मग पुन्हा नीट धार लावून देई. चार दिवसांत पुन्हा तेच.

गावात बोलणं सुरू झालं. कासारणीसारखी बाई म्हणते म्हणजे खरंच असणार! मग पाटलीणबाईंनाही आपली विळी बोथट वाटायला लागली. काल त्याच विळीवर त्यांनी कोहळा चिरला होता, पण तो कालचा.

होता होता भंडारा आला. पाटील कासारणीला म्हणाले, "या वर्षी भोपळे दुसरं कुणीतरी चिरेल. तुझ्या चिंध्या देवीच्या भाजीत नकोत, बाई."

कासारणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कांद्याने जिला कधी रडवलं नव्हतं, ती रडली. आणि मग भडकली. नेमका त्याच वेळी धारवाला वेशीतून आत आला. गावाने त्याला पारावर उभं केलं.

पाटील म्हणाले, "नुसती चकाकी आणून फसवतोस आम्हाला. तुझं चाक आज नदीत. आणि पुन्हा या गावाची पायरी चढायची नाही."

दोघा गड्यांनी चाक उचललंसुद्धा. कासार गर्दीत उभा होता. त्याच्या घशाशी शब्द आले होते. 'थांबा, तो नाही, मी!' पण सगळ्या गावासमोर, बायकोसमोर म्हणायचं कसं? तो हळूच एक पाऊल मागे सरकला.

धारवाला कासाराकडे बघत म्हणाला, "पाटील, चाक खुशाल बुडवा. पण आधी एक करा. सुरी उजव्या हातात असते, पण तिच्या खुणा राहतात डाव्या हातावर. गावातल्या बायकांचे डावे हात कासारदादांना पाठ आहेत. त्यांचे डोळे बांधा. बायकांनी बांगड्या वर सरकवाव्यात, बोटांच्या चिंध्या सोडाव्यात आणि एकेक हात त्यांच्या हातात द्यावा. माझी धार कशी आहे ते हातच सांगतील."

गावाला गंमत वाटली. पाटलांचाच शेला कासाराच्या डोळ्यांवर बांधला. एकेक बाई पुढे यायला लागली.

"पाटलीणबाई," कासार म्हणाला. "बोटं साफ आहेत. एक ओरखडा नाही."

"मग विळीला धार आहे म्हणायची," पाटलीणबाई पुटपुटल्या.

"ही सुतारीण. साफ. ही तेलीणकाकू, तेलाने हात नुसता सटकतोय. साफ. ही गुरवीण. करंगळीला पोळलंय, कापलेलं काही नाही."

वीस हात झाले, तीस झाले. सगळे साफ. मग एक हात त्याच्या हातात आला आणि कासार थांबला. त्याने बोटं चाचपली. चिरा, चिरांवर चिरा, एक जखम ओली, दोन वाळलेल्या. त्याने हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हा हात आपल्या गावातला नाही," तो म्हणाला. "काटेकुटे गोळा करणारी कुणी असेल. फार हाल झालेत या हाताचे. बिचारीच्या घरी तिच्याकडे बघणारं कुणी नाही वाटतं?"

समोरच्या बाईने हात काढून घेतला नाही.

"आहे की," कासारणीचा आवाज आला. "माझ्यावर फार जीव आहे त्यांचा."

कासाराने शेला ओढून काढला. समोर बायको उभी होती आणि तिचा हात त्याच्या हातात होता. विहिरीवरच्या ओल्या ठशावरून गाव ओळखणाऱ्याला घरचा हात ओळखता आला नव्हता. त्याने तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. मांजर, वांगी, धुण्याचा दगड, सात वेळा, चौदा वेळा, आणि मनात म्हटलेलं 'आता काप बोट' तेही.

"मला पहिल्याच महिन्यात संशय आला होता," धारवाला म्हणाला. "वापरून झिजलेली धार वेगळी दिसते. ही दगडावर उभी ओढून मारलेली होती. पण नवरा-बायकोच्या मधे मी माझं चाक कुठे घालू?"

पाटलांनी चाक खाली ठेवायला लावलं आणि धारवाल्यापुढे हात जोडले. "आता कासाराला काय शिक्षा करायची?" त्यांनी विचारलं.

"ती मी करते," कासारीण म्हणाली. तिने घरून काळी सुरी मागवून नवऱ्याच्या हातात दिली आणि भंडाऱ्याच्या ढिगातला एक भोपळा त्याच्यापुढे ठेवला. "चिरा."

कासाराने दाबलं. भोपळा हसला असावा. अजून दाबलं. सुरी सटकली आणि "आई गं!" म्हणून कासाराने अंगठा तोंडात घातला.

"का हो? बोथट आहे की सुरी. आता कशी कापते बघू म्हणाला होता ना?" असं म्हणत तिने आपल्याच बोटाची सोडलेली स्वच्छ चिंधी त्याच्या अंगठ्याला बांधली. बांधताना मात्र फार हळू बांधली.

मग धारवाल्याने चाक मांडलं. कासारणीने कासारालाच सुरी धरायला लावली. "तिरकी," धारवाला सांगत होता, "अजून तिरकी, दादा. लेकीच्या केसांतून फणी फिरवावी तशी." ठिणग्या उडाल्या. सुरी अशी झाली, की वरून उडत चाललेल्या कावळ्याची सावली तिच्यावर पडली आणि दोन सावल्या होऊन गेल्या.

त्या भंडाऱ्याला चाळीस भोपळे कासारणीनेच चिरले. रक्ताचा एकही थेंब सांडला नाही.

महिन्याभरात तिची बोटं बरी झाली. कासाराने तिला बसवून, घाई न करता, हिरव्या बांगड्या भरल्या. दर आठवड्याला सुरीला हात फिरवायचं काम आता त्याच्याकडे होतं, आणि तो ती तिरकीच धरायचा. भीती काही गेली नव्हती. ती चिरायला बसली की तो जवळ येऊन बसायचा. एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "अगं, हळू."

कासारणीने नुसतं वर बघितलं.

कासाराने मुकाट्याने लसणाचा गड्डा पुढे ओढला.

तात्पर्य: ज्याच्यावर जीव आहे त्याची सुरी बोथट करू नये, नीट पाजवून त्याच्या हाती द्यावी, आणि फारच काळजी वाटली तर शेजारी लसूण सोलत बसावं.